दिवस भरलेलं बाळ, तरी धाप का?

प्रश्न (नाशिकरोड) : वहिनीचं सिझर ३८व्या आठवड्यात मुहूर्त पाहून केलं, कळा सुरू झाल्या नव्हत्या. बाळ २.९ किलोचं, जन्मताच रडलं, पण तासाभरात धाप लागली म्हणून काचेत ठेवलंय. छातीत पाणी आहे म्हणतात. ते कसं गेलं? पुढे त्रास राहील का?

उत्तर : पाणी बाहेरून गेलेलं नाही. पोटात असताना बाळाची फुप्फुसं स्वतःच तयार केलेल्या द्रवाने भरलेली असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि हा द्रव शोषला जाऊ लागतो. कळांआधीच सिझर झालं की ते काम अर्धवट राहतं. म्हणून वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून करायचं सिझर ३९ आठवडे भरण्याआधी करू नये. चांगला मुहूर्त पुढच्या आठवड्यातही निघतो!

नवजात बाळाचे श्वास मिनिटाला ४० ते ६०. या त्रासात ते ८०-१०० होतात. बहुतेकांना ऑक्सिजन किंवा नाकावाटे हवेचा सौम्य दाब, म्हणजे सीपॅप, पुरतो आणि दोन-तीन दिवसांत धाप उतरते. तोवर अंगावर पाजत नाहीत, कारण धापेत दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. वहिनींनी दर दोन-तीन तासांनी चीक काढून द्यावा. डॉक्टर तो नळीने देतील. पुढे काही मुलांत सर्दीबरोबर घरघर जरा जास्त दिसते, एवढंच.

धाप वाढत गेली किंवा तीन दिवसांनीही उतरली नाही, तर मात्र जंतुसंसर्ग, फुप्फुसाभोवती साठलेली हवा, हृदयाचा जन्मदोष हे तपासावंच लागतं. बाळाने पोटात केलेली शी श्वासात गेली असेल तर दुखणं मोठं : बारीक नळ्या तुंबतात, फुप्फुसं सुजतात, कधी व्हेंटिलेटर लागतो. त्यात जन्मताना ऑक्सिजनही कमी पडला असेल, तर पुढे ऐकण्याची आणि वाढीची तपासणी चुकवू नये.

प्रश्न (निफाड) : पाच दिवसांचं बाळ झोपेत मध्येच श्वास थांबवतं. दाखवावं का?

उत्तर : पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास, रंग तसाच, दूध नीट पितंय, तर काळजी नको. थांबणं २० सेकंदांवर गेलं तर लगेच दवाखाना. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, बरगड्यांखाली खळगा पडतोय, श्वास सोडताना कण्हतंय किंवा जीभ निळी दिसतेय, तर १०८ला फोन करा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा खास कक्ष आहे. नेताना बाळाला टोपी घालून उघड्या छातीशी धरा, वरून शाल घ्या. निफाडच्या थंडीत गारठलेल्या बाळाचा श्वास आणखी बिघडतो. आणि खोलीतली शेगडी, ओव्याची धुरी आजच बंद करा.