माउसशिवाय वेबसाइटवर कसं फिरायचं?

काचबिंदूमुळे तुमच्या वडिलांची नजर गेली, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, टाकून दिलाय, पण टॅब दाबून दाबून ते वैतागतात, म्हणून तुम्हाला शॉर्टकटची यादी हवी आहे. यादी मी मुद्दामच देत नाही. मला जन्मापासून दिसत नाही, रोजचं सगळं काम स्क्रीन रीडरवर चालतं. पन्नास शॉर्टकट पाठ करायला दिले तर तुमचे बाबा दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटून ठेवतील.

मुळात टॅब वाचण्यासाठी नाहीच. तो फक्त लिंक, बटण आणि भरायचे रकाने यांवर थांबतो, मधला मजकूर ओलांडून जातो. बातमी ऐकायला बसलेला माणूस मेनूतल्या सगळ्या लिंका ऐकतो आणि बातमी राहूनच जाते. चाळीत बिऱ्हाड शोधायला प्रत्येक दार वाजवत जावं, तसं ते. दारावरच्या पाट्या वाचायच्या तर एच दाबा: दर वेळी पुढचं शीर्षक ऐकू येतं. शिफ्टसोबत दाबलं की मागचं. बऱ्याच बातम्यांच्या पानांवर 1 दाबलं की थेट मथळाच लागतो. तिथून खालचा बाण, ओळीमागून ओळ. बडबड थांबवायला कंट्रोल. पहिले आठ दिवस एवढंच करू द्या.

नंतर एक घोळ होईल, तो आधीच सांगून ठेवतो. शोधायच्या चौकटीत शिरल्यावर एच दाबलं तर तिथे एच अक्षर उमटतं, कारण एनव्हीडीए आता टाइप करण्याच्या मोडमध्ये गेलेलं असतं. मोड बदलताना बारीकसा आवाज येतो, तो ओळखायला शिकवा. परत यायला एस्केप, किंवा इन्सर्ट आणि स्पेस. लॅपटॉपला इन्सर्टची कळ अडचणीच्या जागी असेल तर सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला ते काम देता येतं. मी तेच केलंय.

आणि हो, दर वेळी चूक बाबांची नसेल. एका साइटवर बिल भरताना ‘पैसे भरा’ हे बटण मला टॅबने सापडेना, बटणं शोधणाऱ्या बीनेही सापडेना. ते बटण नव्हतंच, बटणासारखा रंगवलेला चौकोन होता! शेवटी इन्सर्ट, कंट्रोल आणि एफ दाबून ‘पैसे’ शब्द शोधला, एंटर मारला, तेव्हा पैसे गेले. सगळं काही कीबोर्डने करता आलं पाहिजे, ही वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांतली अगदी पहिल्या पातळीची अट आहे. तरी हे चालतं.

मराठी आवाज सुरुवातीला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटेल. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून वेग कमी करून द्या. महिन्याभरात तेच वाढवायला सांगतील.