अमेरिकेतल्या कॅथलिक शाळेच्या शिक्षकांना फी न भरता मास्टर्स करता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे वसईहून ओहायोला आलात, एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, कामाचा परवाना आहे, पॅरिशच्या म्हणजे धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या परिसराच्या) शाळेत तिसरीला शिकवता आणि रविवारी धर्मशिक्षणाचा वर्गही घेता. तुमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, कॅथलिक शाळांच्या शिक्षकांना फी न घेता मास्टर्स देणारी विद्यापीठं आहेत. हे खरं आहे का, आणि असेल तर मेख कुठे आहे, असा तुमचा प्रश्न आहे.

खरं आहे. मी असं मास्टर्स केलंय. मेख करारपत्रात असते, आणि माझं करारपत्र मी घाईत वाचलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे लोक फी का माफ करतात ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. १८८४ मध्ये बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा काढावी असं ठरलं. त्या शाळा चालल्या त्या धर्मभगिनींच्या जिवावर. त्यांना मिळायचं ते पगार म्हणण्याइतकंही नसायचं, म्हणून गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांच्या मुलांना तिथली फी परवडायची. १९६० च्या सुमारास या शाळांमधल्या चार शिक्षकांपैकी जवळपास तीन जण धर्मभगिनी, ब्रदर किंवा फादर होते. विद्यार्थ्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली होती. पुढे मठात जाणाऱ्या मुली कमी झाल्या. आज शंभरातले सत्त्याण्णव शिक्षक तुमच्या-माझ्यासारखे संसारी आहेत, विद्यार्थी सतरा लाखांच्या आसपास उरलेत, आणि पगार सरकारी शाळेपेक्षा बराच कमी आहे.

मी ज्या शाळेत लागले तिच्या व्हरांड्यात दरवर्षीच्या शिक्षकवर्गाचे फोटो ओळीने लावलेले होते. १९५८ च्या फोटोत काळ्या झग्यातल्या चौदा सिस्टर आणि अगदी कडेला पर्स धरून उभी असलेली एक बाई. पुढे पुढे जाल तसे झगे कमी होतात. १९९० च्या फोटोत दोन सिस्टर, दोघी खुर्चीवर बसलेल्या. त्यानंतर एकही नाही. मी वसईत सिस्टरांच्याच हाताखाली शिकले. चौथीत माझी वही पावसात भिजली तेव्हा सिस्टरांनी पानं वेगवेगळी करून खिडकीच्या गजांवर वाळत घातली होती आणि दुसऱ्या दिवशी दोऱ्याने शिवून दिली होती. त्यामुळे तो व्हरांडा ओलांडताना माझा पाय दर वेळी अडायचा. त्या चौदा जणींची जागा भरायला माणसं हवीत, त्यांना सरकारी शाळेइतका पगार तर देता येत नाही, मग निदान शिक्षण तरी द्यावं, हा या सगळ्या योजनांमागचा विचार आहे.

यातली सगळ्यात नावाजलेली योजना इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाची. तिला सगळे ‘एस’ म्हणतात, अलायन्स फॉर कॅथलिक एज्युकेशन. ती १९९३ मध्ये सुरू झाली. दोन वर्षांचं एम.एड., फी नाही, वर दरमहा थोडा भत्ता. उन्हाळ्यात विद्यापीठात वर्ग करायचे आणि वर्षभर गरजू कॅथलिक शाळेत पूर्णवेळ शिकवायचं. चार-सहा जणांनी एका घरात राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र प्रार्थना करायची. प्रॉव्हिडन्स कॉलेज, पोर्टलंड विद्यापीठ, लॉस एंजेलिसचं लोयोला मेरीमाउंट, ओमाहाचं क्रेटन, ही विद्यापीठंही याच वाटेने गेली. नोटर डेमचीच ‘एको’ नावाची दुसरी योजना आहे. तिच्यात धर्मशास्त्राचं एम.ए. मिळतं आणि शिकणारे धर्मग्रामात किंवा शाळेत धर्मशिक्षणाचं काम करतात. तुमच्या रविवारच्या वर्गाशी जुळणारी तीच आहे.

पण मनापासून सांगते, या योजना बावीस-तेविशीतल्या, नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी बेतलेल्या आहेत. तुमच्या पदरात पहिलीतला मुलगा आहे. त्याला ठेवून दुसऱ्या राज्यात चार अनोळखी लोकांबरोबर दोन वर्षं राहणं तुम्हाला जमणार नाही, आणि जमवूही नये. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे, मीही त्यानेच गेले. अनेक धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचे चर्चचे विभाग) जवळच्या कॅथलिक विद्यापीठाशी करार करतात. फीचा काही भाग विद्यापीठ सोडतं, काही धर्मप्रांत भरतो, काही शाळा. आपण नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि उन्हाळ्यात शिकतो. याची जाहिरात सहसा होत नाही. धर्मप्रांताच्या शाळा-कार्यालयात फोन करून विचारावं लागतं. मला हे कळलं ते शिक्षकांच्या खोलीत कॉफी ओतून घेताना, एका सहकारी बाईंच्या तोंडून.

आता करारपत्र. माझ्यात एक वाक्य होतं: पदवीनंतर तीन वर्षं याच शाळेत शिकवीन, आधी सोडलं तर उरलेल्या वर्षांच्या हिशोबाने फी परत करीन. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी कुठे जाणार होते? पदवी मिळाली, पहिलं वर्ष सरत आलं, आणि उपवासकाळातल्या एका रविवारी चर्चमधली मिस्सा (रविवारची उपासना) संपताना फादरांनी पत्र वाचून दाखवलं: पट कमी झाल्यामुळे जूनमध्ये शाळा बंद होईल. माझ्या पुढच्या बाकावर माझ्या वर्गातला एक मुलगा बसला होता. तो मागे वळला आणि पत्र संपेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिला. त्याला वाटत होतं, मला हे आधीपासून माहीत असणार.

घरी येऊन मी कपाटातून करारपत्र काढलं. ‘याच शाळेत’ हे दोन शब्द. शाळाच नाही तर सेवा कुठे करू, आणि नाही केली तर दोन वर्षांची फी कोण भरणार? सहा आठवडे मी ईमेल लिहीत होते. प्रत्येकजण चांगलं बोलायचा, लेखी कोणी देत नव्हतं. शेवटी धर्मप्रांतातल्या दुसऱ्या शाळेतली वर्षं धरली जातील असं पत्र आलं. मी तिथे रुजू झाले, अजून तिथेच आहे. पण ते सहा आठवडे मी नीट झोपले नाही.

म्हणून सही करण्याआधी ते वाक्य बदलून घ्या. ‘धर्मप्रांतातल्या कोणत्याही कॅथलिक शाळेत किंवा धर्मग्रामात’ असं लिहून घ्या. शाळा बंद झाली, विलीन झाली किंवा तुमची जागाच रद्द झाली, तर परतफेड लागू होणार नाही, हे वेगळ्या ओळीत हवं. तुमच्या बाबतीत आणखी एक ओळ लागेल. तुमचं काम एच-४ च्या परवान्यावर आहे, आणि तो नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. त्याची नोकरी गेली किंवा परवान्याचं नूतनीकरण रखडलं, तर तुम्ही इच्छा असूनही शिकवू शकणार नाही. ती परतफेड तुमच्या गळ्यात पडता कामा नये. शिकायला मात्र एच-४ ची आडकाठी नाही, पूर्णवेळही शिकता येतं. काही योजनांच्या पत्रकात अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेचं अनुदान दिसेल. ते नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतं, ते धरून बजेट करू नका.

कराचं बघा. विद्यापीठाने शिष्यवृत्ती म्हणून माफ केलेल्या फीवर सहसा कर लागत नाही, राहण्या-खाण्याच्या भत्त्यावर लागतो. शाळेने मालक म्हणून फी भरली तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त. त्यावरची रक्कम पगारात धरली जाऊ शकते. माझ्या बाबतीत धरली गेली आणि त्या महिन्यांत हातात येणारा पगार कमी झाला. नोकरीतलं कौशल्य वाढवणारं शिक्षण असेल तर सूट मिळण्याची एक वेगळी तरतूद आहे. ती तुम्हाला लागू होते का, हे कर भरून देणाऱ्या माणसाला आधी विचारा.

एक गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही, मी बोलते. जुलै २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन कॅथलिक शाळांच्या खटल्यांत निकाल दिला. श्रद्धेचं शिक्षण देणं हे ज्यांचं महत्त्वाचं काम आहे, अशा शिक्षकांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे शाळेविरुद्ध वापरता येत नाहीत. तुम्ही वर्गात धर्म शिकवता, म्हणजे हे तुम्हालाही लागू होण्याची दाट शक्यता आहे. माझी श्रद्धा आहे, मला या शाळेत राहायचंय, तरीही तीन वर्षं बांधून घेताना हे माहीत असायलाच हवं होतं असं मला वाटतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, आता या घडीला काय करू. कागद जमवा. आपली बी.ए. तीन वर्षांची. काही विद्यापीठं ती इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत, पण वर बी.एड. असेल तर दोन्ही मिळून बहुतेक वेळा चालतं. तुमचं बी.एड. झालंय, हे फार बरं आहे. पदव्यांचं मूल्यांकन करून घेताना विषयवार करून घ्या, नुसतं पदवीचं नको. आणि भारतातल्या विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो, त्यासाठी तिथे खेटे घालणारं माणूस लागतं. माझ्यासाठी माझा भाऊ दोनदा सुट्टी टाकून गेला होता. दुसऱ्या वेळी त्याने एकाऐवजी तीन लिफाफे घेतले, आणि तिन्ही लागले. वसईत तुमचं कोणी असेल तर त्यांना आजच फोन करा, तीन लिफाफे सांगा.