विमान कंपनीचे सॉफ्टवेअर केंद्र आणि गोव्यातील अभियंते

प्रश्न : युरोपातील विमान कंपन्या परदेशात सॉफ्टवेअर केंद्रे उघडून अभियंत्यांची भरती करतात, असे वाचनात आले. माझी मुलगी फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेत शिकते. अशा केंद्रांत कोणते काम चालते, ते टिकते का, आणि दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ असूनही गोव्यात असे केंद्र का येत नाही?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. विमानतळामुळे हँगर येते, सामान हाताळणीची कामे येतात. सॉफ्टवेअर केंद्र मात्र अभियंत्यांच्या मागे जाते. आयर्लंडच्या रायनएअरने पोलंडमधील व्रोत्स्वाफ निवडले, लुफ्तान्साची सॉफ्टवेअर कंपनी बुडापेस्ट आणि गदान्स्क येथूनही काम करते, कारण तेथे चांगली तांत्रिक विद्यापीठे आहेत आणि वेतनमान पश्चिम युरोपापेक्षा कमी आहे. जुवारीनगरचे बिट्स, कुंकळ्ळीचे एनआयटी आणि आपल्या मुलीचे महाविद्यालय असताना शिक्षणात गोवा मागे नाही. पण पदवी हाती पडताच पुष्कळ मुले पुणे-बंगळूरची वाट धरतात आणि नवख्यांना घडवणारा अनुभवी अभियंता येथे विरळा होतो. सरकारने इमारतींआधी या अनुभवी मंडळींना परत आणण्याचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

तिकीटविक्रीचे संकेतस्थळ हा या कामाचा केवळ दर्शनी भाग. एकाच उड्डाणातील जागा मागणीनुसार निरनिराळ्या दरांत खुल्या करणे, विश्रांतीचे नियम पाळून वैमानिकांच्या पाळ्या लावणे, आणि धुक्यामुळे एक विमान अडकले की त्याची पुढची सगळी उड्डाणे, कर्मचारी व प्रवासी काही मिनिटांत नव्याने जुळवणे, हे खरे कठीण काम आहे आणि ते बारमाही चालते. चार्टर विमानांचा हंगाम सरला की मिळकत आटणाऱ्या आपल्याकडच्या घरांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

टिकण्याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत आपली कार्यालयीन कामे करणारी कंपनी काढली आणि २००२ मध्ये तिचा मोठा हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला विकला. काम चालू राहिले, मालक बदलला. म्हणून रुजू होण्यापूर्वी आपल्या मुलीने एवढे अवश्य विचारावे, की एखाद्या प्रणालीची पूर्ण जबाबदारी त्या केंद्राकडे आहे, की मुख्यालयाने ठरवलेले सुटे भाग तेवढे तेथे लिहिले जातात.