पकड आणि सोड

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

प्रकल्पाचा मसुदा वाचला. विषय मनापासून आवडला. दिंडोरी-पेठकडचे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळदा मानेत गाठ आल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात. तोंडातली पेशी मानेपर्यंत पोचते कशी, हा आपल्या दारातला प्रश्न आहे.

पण ‘चिकटपणा गेला की पेशी पसरते’ हे पहिल्या पानावरचं वाक्य काढून टाक. चालायला पकड लागतेच. पुढच्या कडेचं इंटिग्रिन, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं पकडीचं प्रथिन, बाहेरच्या तंतूंना धरतं, मागच्या कडेचं सोडतं. १९९७ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की पकड फार सैल असली तरी वेग पडतो आणि फार घट्ट असली तरी पडतो. आता ही पकड सोडवतं कोण? सिग्नल. इंटिग्रिननं धरलं की फोकल ॲडहेजन कायनेज, म्हणजे फॅक हे फॉस्फेट लावणारं विकर, आपल्याच साखळीतल्या ३९७ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतं. तिथे सार्क हे तसंच दुसरं विकर येऊन बसतं आणि दोघं मिळून पॅक्सिलिनसारख्या पकडीतल्या प्रथिनांना फॉस्फेट लावतात. जुनी पकड सुटते, पुढे नवी बसते. फॅक नसलेल्या पेशींत अशा पकडी कमी नव्हे, जास्त दिसतात, आणि त्या पेशी रेंगाळतात. यावर दोन दिवस घालव, पुढचं सोपं जाईल.

ई-कॅडहेरिनचं, म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचंही तसंच; ते गेलं की पेशी पसरते, इतकं सोपं नाही. टीजीएफ-बीटा या संदेश देणाऱ्या प्रथिनामुळे स्नेल हे जनुकांवर ताबा ठेवणारं प्रथिन जागं होतं आणि ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतं, हे तू लिहिलंच आहेस. पण सार्क जनुकाला हात न लावताही तयार ई-कॅडहेरिन पेशीच्या आत ओढायला लावतं. शिवाय स्तनाच्या डक्टल (दूधनलिकांच्या) कर्करोगात ते बहुधा शाबूत असतं, तरी तो पसरतो. २०१९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत ते काढल्यावर आजूबाजूला घुसणं वाढलं, दूरच्या गाठी मात्र घटल्या. हे तुझ्या प्रस्तावनेत यायलाच हवं.

म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनाचं प्रमाण पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीवर, थांबू नकोस. पट्टी किती ते सांगते, कुठे ते नाही. ई-कॅडहेरिनला चिकटणारी फ्लुओरेसंट (चमकणारी) अँटिबॉडी लावून बघ: दोन पेशींच्या सीमेवर सलग रेघ आहे, की आत ठिपके विखुरलेत?

आणखी एक. तुम्ही पेशी भांड्याच्या तळापासून ट्रिप्सिन-ईडीटीएनं सोडवता. ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं विकर. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियम नसलं की ट्रिप्सिन कॅडहेरिन कापतं. त्यामुळे सोडवल्यावर लगेच मोजू नकोस; पेशी बसू दे, थर जमू दे. पिपेटच्या टिपनं थरावर ओरखडा काढल्यावर सीरम (पेशींना वाढवणारा रक्तातला द्रव) कमी ठेव, नाहीतर फट पेशी सरकून भरली की वाढून, ते कळायचं नाही.

मायक्रोस्कोप कोणत्या वारी मिळेल ते गाईडना विचारून कळव. पेशी किती तासांनी फिक्स (आहेत तशा स्थिर) करायच्या, ते त्यावरच ठरवू.