एकेकाळी ग्रीसचं बास्केटबॉल म्हणजे आरिस होतं म्हणतात. मग हा क्लब मागे का पडला?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या यानिस आंतेतोकून्पो या ग्रीक खेळाडूमुळे ग्रीक बास्केटबॉलची गोडी लागली, अथेन्सचा पनाथिनाइकोस आणि शेजारच्या पिरेअस बंदराचा ऑलिंपियाकोस ही नावं ओळखीची झाली, पण जुनी ग्रीक मंडळी बोलायला लागली की सारखं आरिस, आरिस करतात. ते का, आणि एवढा दबदबा होता तर आज हा क्लब आहे कुठे?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आरिसने ग्रीसला बास्केटबॉलचं वेड लावलं. वेड लागल्यावर त्या खेळात पैसा आला, आणि पैसा येताच सगळ्यात मोठी थैली अथेन्सवाल्यांच्या हातात निघाली. आरिसच्या पडझडीला बाकी कारणं आहेतच, पण मुळाशी हे आहे.

आरिस थेसालोनिकीचा, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या, देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराचा क्लब. स्थापना १९१४ची, नाव युद्धाच्या देवाचं, रंग पिवळा-काळा. शहरातला दुसरा मोठा क्लब पाओक, कॉन्स्टँटिनोपलहून विस्थापित होऊन आलेल्या ग्रीकांनी काढलेला. या दोघांचं हाडवैर, आणि दोघांचा मिळून अथेन्सवर राग. आरिसने राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं १९३० साली, आणि दुसरं थेट १९७९मध्ये. त्या १९७९च्या संघाचा तरुण प्रशिक्षक होता यानिस इओआनिदिस. क्लबचाच जुना खेळाडू, शीघ्रकोपी, आणि हार मुळीच न पचणारा. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्याच १९७९मध्ये निक गालिस आला. जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, आईवडील ग्रीक स्थलांतरित. सीटन हॉल विद्यापीठाकडून शेवटच्या वर्षी त्याने इतके गुण केले की अख्ख्या अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याची सरासरी तिसरी होती. दुसऱ्या क्रमांकावर पुढे एनबीए गाजवणारा लॅरी बर्ड. एनबीएतल्या बोस्टन सेल्टिक्सने त्याला ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या प्रक्रियेच्या) चौथ्या फेरीत, ६८व्या क्रमांकावर निवडलं. सराव शिबिरात घोटा दुखावला आणि सेल्टिक्सने त्याला सोडून दिलं. ग्रीसमध्ये आला तेव्हा बास्केटबॉल हा तिथे फुटबॉलच्या सावलीतला खेळ होता. गालिसची उंची १ मीटर ८३ सेंटिमीटर, म्हणजे या खेळात बुटकाच. पण बास्केटकडे घुसून उडी मारली की बचाव करणारे खाली यायला लागेपर्यंत हा वर थांबलेला असायचा, आणि मग निवांत चेंडू टाकायचा. जुन्या चित्रफितींत हे वारंवार दिसतं, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता हा शॉट अडवला जाणार. जात नाही.

दुसरा माणूस पानायोतिस यानाकिस. हा अथेन्स-पिरेअसकडचा, इओनिकोस निकेआस नावाच्या छोट्या क्लबात खेळणारा. १९८१मध्ये इओनिकोस आणि आरिस यांच्यात एक सामना झाला. यानाकिसने एकट्याने ७३ गुण केले. समोरून गालिसने ६२. आरिस ११४-११३ असा एका गुणाने जिंकला. आजच्या काळात असा सामना झाला असता तर आठवडाभर दुसरं काही कुणी बोललं नसतं.

१९८४मध्ये आरिसने या यानाकिसलाच आपल्याकडे आणलं, आणि तिथून पुढे ग्रीसमध्ये बाकीच्यांना काही उरलं नाही. १९८५ ते १९९१, सलग सात विजेतेपदं. गालिस गुण करणार. यानाकिस चेंडू पुढे नेणार, बचाव सांभाळणार आणि गरज पडली की बाहेरून तीन गुणांचा फटका मारणार. बाजूला, शेवटचं वर्ष सोडलं तर, इओआनिदिस ओरडत उभा. सोबत सुबोतिच, फिलिपू, रोमानिदिस. गालिस आणि यानाकिस यांची फार दोस्ती नव्हती असं बरेच जण सांगतात. असेल. मैदानावर त्याची झळ दिसत नाही.

युरोपियन चषकाचे, म्हणजे देशोदेशीच्या विजेत्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, सामने गुरुवारी रात्री असायचे आणि सरकारी वाहिनीवर दिसायचे. त्या रात्री रस्ते ओस पडायचे, सिनेमागृहं रिकामी जायची. ही आठवण थेसालोनिकीपुरती नाही, अथेन्समधले लोकही हेच सांगतात. एरवी उत्तरेच्या क्लबाला शिव्या घालणारे गुरुवारी आरिसचे व्हायचे. जुनी मंडळी आरिस, आरिस का करतात त्याचं उत्तर या गुरुवारांत आहे.

एक जोडी सामने मात्र सविस्तर सांगायलाच हवेत. साल १९८६. समोर मिलानचा ट्रेसर: प्रशिक्षक डॅन पीटरसन, संघात बॉब मॅकअडू, माइक डँटोनी, दिनो मेनेगिन. दोन सामने, एक घरी एक बाहेर, दोन्हींचे गुण एकत्र धरायचे. थेसालोनिकीत आरिसने मिलानला ९८-६७ असं धुतलं. ३१ गुणांचा फरक, गालिसचे एकट्याचे ४४. मॅकअडूसारखा एनबीए गाजवलेला माणूस हतबल झालेला दिसतो. आता परतीच्या सामन्यात तीसने हरलात तरी चालेल, अशी परिस्थिती. आठवड्याभराने मिलानमध्ये आरिस हरला ८३-४९ असा. ३४ गुणांनी! एकूण तीन गुणांनी बाहेर. आणि त्याच मिलानने त्या मोसमात युरोपियन चषक उचलला.

माझ्या मते आरिसच्या सगळ्या युरोपीय कहाणीचा नमुना या आठवड्यात आहे. घरच्या हॉलमध्ये, पाच हजार माणसं कानाशी किंचाळत असताना हा संघ कुणालाही झोपवू शकायचा. बाहेर गेल्यावर गालिसला दोघांनी घेरलं की दुसरा मार्ग सापडायचा नाही. मिलानच्या त्या रात्री ४० मिनिटांत ४९ गुण, हा आकडा पुरेसा बोलका आहे. बाकावर बसलेल्यांत सामना फिरवणारं कुणी नव्हतं.

पुढची तीन वर्षं आरिस सलग युरोपच्या शेवटच्या चारांत पोचला: १९८८ला गेंट, १९८९ला म्युनिक, १९९०ला सारागोसा. तिन्ही वेळा उपांत्य फेरीत हार. गेंटला पुन्हा मिलान, म्युनिकला मक्काबी तेल अवीव, सारागोसाला बार्सिलोना. गालिस आठ वेळा या स्पर्धेत सर्वाधिक गुण करणारा ठरला आणि एकदाही त्याने ती जिंकली नाही.

पण मधल्या काळात, १९८७च्या जूनमध्ये, वेगळंच काहीतरी घडून गेलं. युरोपियन राष्ट्रांची स्पर्धा ग्रीसमध्ये भरली. अंतिम सामना १४ जूनला, पिरेअसच्या स्टेडियममध्ये, समोर सोव्हिएत संघ. जादा वेळेत ग्रीस १०३-१०१ने जिंकला, गालिसचे ४० गुण. शेवटची काही सेकंदं उरली असताना ऑलिंपियाकोसच्या आर्गिरिस काम्बुरिसने दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे फटके) टाकले आणि विषय संपला. त्या राष्ट्रीय संघाचा कणा आरिसचाच: गालिस, यानाकिस, शिवाय फिलिपू आणि रोमानिदिसही. त्या रात्रीनंतर ग्रीसमध्ये गल्लोगल्ली बास्केटचे खांब उभे राहिले. पुढच्या पिढीतले बरेच ग्रीक खेळाडू मुलाखतींत आपली सुरुवात १९८७पासूनच सांगतात.

आणि इथूनच आरिसचं ग्रहण सुरू झालं असं मी मानतो. खेळ लोकप्रिय झाला की त्यात पैसेवाले येतात. पनाथिनाइकोसमध्ये औषध कंपनीवाले यानाकोपुलोस बंधू उतरले होते. ऑलिंपियाकोसच्या मागे सोक्रातिस कोक्कालिस आला. दोन्ही क्लबांना राजधानी परिसराची लोकसंख्या, दोन्हींचे चाहते देशभर. १९९२-९३पासून लीगही अधिकृतपणे व्यावसायिक झाली. आरिसकडे होता एक हॉल, एक शहर (तेही पाओकबरोबर अर्धं वाटून घेतलेलं), आणि वाढत चाललेली देणी.

मग एकेक करून माणसं गेली. इओआनिदिस १९९१मध्ये ऑलिंपियाकोसचा प्रशिक्षक झाला. १९९२ला विजेतेपद पाओकने नेलं. शेजाऱ्याने! ज्याने कुणी शेजारच्या क्लबाचं वैर पाहिलंय त्याला ही जखम समजेल. त्याच वर्षी गालिसशी नवा करार झाला नाही आणि तो पनाथिनाइकोसमध्ये गेला. ज्या माणसाने क्लब घडवला त्याला राखता आलं नाही, ही गोष्ट आरिसचे चाहते अजून माफ करत नाहीत. १९९३मध्ये यानाकिसही गेला.

गंमत अशी की जाता जाता आरिसला युरोपचा पहिला करंडक मिळाला, आणि तोही गालिस नसताना. १९९३च्या मार्चमध्ये तुरीनला चषकविजेत्यांच्या युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना, समोर तुर्कस्तानचा एफेस पिल्सन. निकाल ५०-४८. गालिसच्या काळात हा संघ अर्ध्या वेळेतच पन्नाशी गाठायचा. सामना कुरूप होता, प्रेक्षागृहातलं वातावरण त्याहून कुरूप, पण करंडक तो करंडक. त्या संघात रॉय टार्पली होता, एनबीएने अमली पदार्थांमुळे बाहेर काढलेला, पण अफाट गुणवत्तेचा. पुढच्या मोसमात टार्पली कुठे? ऑलिंपियाकोसमध्ये.

पुढचे निकाल बघितले की चित्र आणखी स्पष्ट होतं. इओआनिदिसच्या हाताखाली ऑलिंपियाकोसने १९९३ ते १९९६ ही चार विजेतेपदं ओळीने घेतली आणि १९९४ व १९९५ला युरोपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. १९९६ला पॅरिसमध्ये पनाथिनाइकोसने बार्सिलोनाला ६७-६६ने हरवून ग्रीसला पहिल्यांदा युरोपचं सर्वोच्च विजेतेपद मिळवून दिलं. कर्णधार कोण? यानाकिस. शेवटच्या क्षणी तो गाजलेला, आजही वादात असलेला ब्लॉक कोणी केला? स्तोइको व्रांकोविचने, जो एकेकाळी आरिसचाच. अथेन्स-पिरेअसच्या यशाच्या प्रत्येक पानावर आरिसमधून बाहेर पडलेला कुणी ना कुणी दिसतो.

गालिसचा शेवट मात्र वाईट झाला. १९९४च्या ऑक्टोबरात पनाथिनाइकोसच्या प्रशिक्षकाने त्याला सुरुवातीच्या पाचांत घेतलं नाही. तो उठला, हॉलमधून बाहेर पडला आणि पुन्हा कधीच खेळला नाही. उशिराने का होईना मान मिळाला: २०१३मध्ये आरिसच्या हॉलला त्याचं नाव दिलं गेलं आणि २०१७ला अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो दाखल झाला.

नव्वदनंतरचा आरिस एकदम झोपला असं समजू नका. १९९७मध्ये कोराच चषक या युरोपातल्या खालच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तुर्कस्तानच्या तोफाशकडून घरच्या मैदानावर ११ गुणांनी हरल्यावर या संघाने परतीच्या सामन्यात बुर्साला जाऊन ८८-७०ने जिंकून करंडक आणला. घरी हरून बाहेर जिंकायचं, म्हणजे मिलानच्या बरोबर उलट! १९९८ला ग्रीक चषक, २००३ला युरोपातली दुय्यम स्पर्धा, २००४ला पुन्हा ग्रीक चषक. २००६ला युलेब चषक या युरोपातल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिनामो मॉस्कोकडून हार, आणि त्यानंतर दोन मोसम युरोलीगमध्येही, म्हणजे आता युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळून झालं. पण प्रत्येक उसळीनंतर तोच पेच: चांगला संघ बांधायला खर्च करायचा, मग देणी फेडता फेडता तो संघ विकायचा. त्यात २००९नंतर ग्रीसची अर्थव्यवस्थाच गाळात गेली. २०१४ आणि २०१७ला ग्रीक चषकाच्या अंतिम सामन्यात पोचून दोन्ही वेळा पनाथिनाइकोसकडून हार पत्करावी लागली.

आज कुठे आहे, तर पहिल्याच श्रेणीत आहे, त्याच जुन्या हॉलमध्ये खेळतो, आणि २०२३-२४पासून युरोलीगच्या खालच्या युरोकपमध्येही दिसू लागलाय. पाओकशी सामना असला की हॉल अजूनही फुटायचा बाकी राहतो. राष्ट्रीय विजेतेपदं मात्र (१९८३चं एक धरून) दहावर थांबलीत, शेवटचं १९९१चं. तुम्ही विचारलंय पुन्हा वर येईल का. १९९२ला पाओक जिंकला त्यानंतर थेसालोनिकीत एकही विजेतेपद आलेलं नाही, आणि २००२चं अथेन्सच्याच एईके क्लबाचं एक वगळलं तर बाकी सगळी ऑलिंपियाकोस आणि पनाथिनाइकोस यांनी वाटून घेतली आहेत. एखादा ग्रीक चषक किंवा युरोकपमध्ये लांबची मजल, एवढं आरिसला जमू शकतं. लीगचं विजेतेपद नाही. किमान त्या दोघांइतका खर्च करणारा मालक मिळेपर्यंत तरी नाही.