पूर्णांकांची वजाबाकी: ‘मायनस मायनस प्लस’ सध्या बाजूला ठेवा

ताई, तुमची मुलगी सहावीत आहे, तिने −३ − २ चं उत्तर +५ काढलं आणि कारण विचारल्यावर ‘मायनस मायनस प्लस’ म्हणाली, असं तुम्ही लिहिलंय. यात मला तिचा निष्काळजीपणा दिसत नाही. मिळालेला नियम तिने प्रामाणिकपणे वापरला. तो अर्धवट मिळाला होता. दोन उणे चिन्हं लागून आली, जसं २ − (−३), तरच तो लागू पडतो. इथे मध्ये ३ आहे. मी ठाण्यात बरीच वर्षं सहावी-सातवीच्या मुलांना गणित शिकवते. सेमी इंग्रजी असो की मराठी माध्यम, ही चूक सगळीकडे भेटते. सातवीत गुणाकार आला की तेच तीन शब्द मुलांच्या कानावर वेगळ्या कामासाठी पडतात आणि गोंधळ पक्का होतो. म्हणून तो नियम आत्ताच थांबवा.

तुम्ही घणसोलीत राहता, त्यामुळे संख्यारेषा तुमच्या दारातच आहे. ठाणे-वाशी लोकलची स्टेशनं एका ओळीत लिहून काढा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. घणसोलीला ० द्या. वाशीच्या बाजूला +१, +२, +३, +४ आणि ठाण्याच्या बाजूला −१, −२, −३, −४. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झालं आणि घणसोली बरोबर मधोमध आली, हे आमच्यासारख्या शिक्षकांच्या फार पथ्यावर पडलंय! (तुर्भ्यानंतर नेरूळ-पनवेलकडे वळणाऱ्या गाड्या यात धरू नका.)

आधी बेरीज. पहिली संख्या म्हणजे आपण कुठल्या स्टेशनवर आहोत. दुसरी म्हणजे किती स्टेशनं आणि कुठल्या दिशेने जायचं: धन असेल तर वाशीकडे, ऋण असेल तर ठाण्याकडे. −३ + ५ म्हणजे दिघ्याहून वाशीकडे पाच स्टेशनं. तीन घणसोलीपर्यंतच संपली, उरली दोन, उतरलो तुर्भ्याला: +२. घणसोलीपर्यंत किती आणि पुढे किती, हे तिला मोठ्याने बोलू द्या. सगळी समज तिथेच आहे. पुढे −४८ + २९ आलं तर बोटं मोजावी लागत नाहीत: शून्यापर्यंत जायला ४८ हवेत, आहेत २९, म्हणजे १९ कमी पडले, उत्तर −१९.

‘मोठ्या संख्येचं चिन्ह द्यायचं’ हा दुसरा प्रसिद्ध नियमही तूर्त नको. −७ आणि ४ मध्ये मोठी संख्या ४ आहे, आणि हुशार मूल नेमकं तेच धरून +३ लिहितं. शिकवणाऱ्याला म्हणायचं असतं की चिन्ह सोडून जी मोठी ती. पण ते ‘चिन्ह सोडून’ बोलायचं राहून जातं.

आता वजाबाकी, जिथे सगळे अडतात. ‘काढून टाकणे’ एवढाच अर्थ डोक्यात असेल तर २ मधून −३ काढायचे म्हणजे नक्की काय करायचं, हे मुलाला उमगत नाही. त्याऐवजी तिला एकच प्रश्न द्या: दुसऱ्या संख्येपासून पहिल्या संख्येपर्यंत कसं जायचं? ९ − ४ म्हणजे ४ पासून ९ पर्यंत किती, हे ती पहिलीपासून करत आलीय. तेच इथे. २ − (−३) म्हणजे दिघ्याहून तुर्भ्याला: पाच स्टेशनं, वाशीकडे, +५. आणि तिचं चुकलेलं −३ − २ म्हणजे तुर्भ्याहून दिघ्याला: पाचच स्टेशनं, पण ठाण्याकडे, −५. दोन्ही गणितं शेजारी शेजारी लिहा. अंतर तेच, दिशा उलटी, हे तिने स्वतः पाहिलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही. पुस्तकातलं ‘विरुद्ध संख्या मिळवा’ हे वाक्य त्यानंतर दाखवा. तेव्हा ते तिला पटेल.

शंका उरलीच तर हा क्रम लिहायला सांगा: २ − २ = ०, २ − १ = १, २ − ० = २. वजा होणारी संख्या एकेकाने उतरतेय, उत्तर एकेकाने चढतंय. पुढची ओळ २ − (−१). उत्तर तिलाच देऊ द्या.

आणि पडताळा सोडू नका. उत्तरात दुसरी संख्या मिळवली की पहिली यायला हवी. ५ + (−३) = २, बरोबर. तिच्या +५ ला हाच पडताळा लावा: ५ + २ = ७, −३ नाही. चूक तिची तिलाच सापडते, तुम्हाला रागवावं लागत नाही.

रागवू नकाच. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मांडले. शून्यातून ऋण वजा केलं की धन मिळतं, हे त्यात स्पष्ट आहे. तरी १७५८ मध्ये इंग्लंडमधले फ्रान्सिस मॅसेरेस ऋण संख्यांच्या वापराविरुद्ध अख्खं पुस्तक लिहीत होते. मोठ्या माणसांना जे इतकी शतकं पचलं नाही, त्याला अकरा वर्षांच्या मुलीला काही आठवडे लागले तर लागू द्या.

रोज पानभर गणितं नकोत. चार पुरेत, पण चारही तोंडाने सांगत सोडवायची: कुठून, कुठे, कुठल्या दिशेने. आज −१ − (−४) आणि −४ − (−१) द्या. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत इथे लिहा, म्हणजे कुठे अडतंय ते मला नेमकं सांगता येईल.