सुरुवात करताय? आधी दोराचं टोक बघा
आपल्यातला एक तरुण गिर्यारोहक गेला, त्याच आठवड्यात तुम्ही विचारताय की चढायला सुरुवात करू का. करा. थोडं थांबावंसं वाटलं तर थांबा, कातळ कुठे पळून जात नाही. अपघाताचे तर्क मात्र लढवू नका. ते घरच्यांच्या कानावर जातात.

सध्या एवढंच अंगवळणी पाडा:

- दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ. जोडीदाराला खाली सोडताना दोर कमी पडला तर टोक बिले डिव्हाइसमधून (खालचा माणूस ज्यानं दोर रोखून धरतो ते उपकरण) सुळकन निसटतं आणि वरचा माणूस थेट जमिनीवर. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून स्वतः खाली उतरताना, दोन्ही टोकांना, गाठीखाली फूटभर दोर मोकळा ठेवून.
- प्रत्येक चढाईआधी एकमेकांची तपासणी: हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बकल, दोर हार्नेसला बांधणारी आठाची गाठ, कॅरॅबिनरचं (धातूच्या कडीचं) लॉक. नुसतं बघून नाही, हात लावून. गाठीबाहेर वीतभर दोर उरायला हवा. गाठ अर्धी सोडून गप्पांत रमणं ही चूक मुरलेल्यांकडूनही होते.
- वर पोचल्यावर जोडीदार खाली सोडणार की तुम्ही स्वतः रॅपल करणार, हे जमिनीवरच ठरवा. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही. खालच्यानं चुकून बिले डिव्हाइसमधून दोर काढला, तर मागे टेकायला काहीच नसतं.

हेल्मेट बिले देणाऱ्यानंही (खालून दोर सांभाळणाऱ्यानं) घालायचं, सुटलेला दगड त्याच्याकडेच येतो. लीड (दोर स्वतः वर नेत चढणं), स्वतःचे अँकर (दोर अडकवायचे आधार) लावणं वगैरे नंतर बघू.